ओल्या पावलांचे ठसे

[परळ. चाळीच्या तळमजल्यावरची बालवाडी. मोरीचा उंबरठा, लहान पाय.]

पाय धुऊन एकेक पोर मोरीतून बाहेर येतं आणि शहाबादी फरशीवर ठसे उमटत जातात. एरवी बाई ओरडल्या असत्या, "फडक्याला पाय पुसा रे!" आज फडकं मुद्दाम उचलून ठेवलंय.

हा पहिला ठसा बाईंचा. टाच, चवडा आणि दोघांना जोडणारी बाहेरच्या कडेची ओली पट्टी. आतल्या बाजूला फरशी कोरडी, कारण तिथे पायाची कमान आहे. आता शेजारचा बघा, चार वर्षांच्या मुलीचा. भाकरीसारखा भरीव. त्याच्या पलीकडचाही तसाच. आमचा कॅमेरामन तर घाबरलाच, "सगळ्यांचेच पाय सपाट?"

या वयात बहुतेकांचे असतात. कमानीच्या जागी चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, आणि कमानीच्या माथ्यावरचं होडीसारखं हाड तिसऱ्या वर्षाच्या आसपास कुठे मऊ, लवचिक कूर्चेतून घडायला लागतं. कमान पुढच्या काही वर्षांत सावकाश वर येते.

[फळीवर लाल चेंडू. कॅमेरा जमिनीलगत.]

फिजिओथेरपिस्ट ताईंनी चेंडू मुद्दाम उंच ठेवलाय. "घे बघू." मुलगी चवड्यांवर उभी राहते. टाचा उचलल्या, किंचित आत वळल्या, आणि तळव्याखाली पोकळी दिसली. चेंडू हातात आला, टाचा टेकल्या, पोकळी गायब. "परत!" ती स्वतःच म्हणते. पाचदा झालं, सहाव्यांदा ताईच दमल्या. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसली, म्हणजे पाय लवचिक आहे. त्याला उपचार लागत नाहीत.

[दाराबाहेर बुटांची रांग.]

काळे, बंद, वेल्क्रोचे. एकात पुढे कापूस कोंबलाय. "वाढत्या पायाचे घेतले," आई सांगते. दुसऱ्या बुटात कमानीला आधार देणारी गादी आहे. दुकानदाराने गळ्यात मारलेली. अमेरिकेत 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लवचिक सपाट पायांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि गाद्या देऊन पाहिल्या. न दिलेल्या मुलांपेक्षा फरक काही पडला नाही.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, 1992 चा. दक्षिण भारतातल्या 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे असेच ठसे घेतले होते. पायात काहीतरी घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी मुलांत 2.8. चपला-सँडलपेक्षा बंद बुटांत प्रमाण जास्त. लहानपणीचे बूट कमानीला मारक ठरतात, असं त्या डॉक्टरांचं मत. मुंबईच्या रस्त्यावर, त्यातून पावसाळ्यात, पोरांना अनवाणी सोडा असं आम्हीही म्हणत नाही. पण वर्गात? घरात? चाळीच्या गॅलरीत?

पाय दुखत असेल, ताठ असेल, एकच सपाट असेल किंवा चवड्यावरही कमान येत नसेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

[पंख्याखाली वाळत चाललेले ठसे.]

बारा वाजले. बाईंनी फडकं फिरवलं. दाराशी ती मुलगी पाय आखडून घेतेय, आई बूट चढवतेय. कापूस बाहेर पडला होता, तो परत आत गेला.