टॉकीजची मशीन रूम

नमस्कार श्रोतेहो.

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी बाजारपेठेत किंवा एसटी स्टँडच्या आसपास एक जुनी टॉकीज हमखास सापडते. आता तिथे कुठे मंगल कार्यालय असतं, कुठे सिमेंटचं गोडाऊन, तर कुठे नुसतं कुलूप. तिचा इतिहास विचारला की लोक मालकाच्या घराण्याविषयी बोलतात आणि कोणता सिनेमा किती आठवडे चालला ते सांगतात. ऐकायला मजा येते, पण सालांच्या बाबतीत या आठवणींवर फार विसंबू नये. इमारत उभी असेल तर परवानगी काढून जिना चढावा आणि मशीन रूममध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, जावं. थिएटर कोणत्या ऐपतीचं होतं आणि त्यात काय काय बदल झाले, ते तिथे बऱ्यापैकी वाचता येतं.

आधी प्रेक्षागृहाकडच्या भिंतीतली भोकं मोजा. एका प्रोजेक्टरला दोन लागतात, एक प्रकाशझोतासाठी आणि एक ऑपरेटरला पडदा दिसावा म्हणून. चार भोकं म्हणजे दोन मशिनं. पाचवं असलं तर ते बहुधा जाहिरातीच्या स्लाइडचं. दोनच असली तर थिएटर एका मशीनवर चालायचं आणि रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत लोकांना थांबावं लागायचं. तंबूतल्या फिरत्या टॉकीजमध्ये तर हे नेहमीचंच होतं.

हिशेब साधा आहे. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे मिनिटाला 90 फूट धावते. 1,000 फुटांचं रीळ 11 मिनिटांत संपतं, 2,000 फुटांचं 22 मिनिटांत. अडीच तासांच्या सिनेमाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागते. दोन मशिनं असली की पहिल्यावरचं रीळ संपत येताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो. त्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला झोत बदलायचा. तो चुकला की पडदा पांढराफेक आणि खाली शिट्ट्या. गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटमध्ये रिळांची टोकं तुटून आणि पुन्हा जोडून हे ठिपके गळालेले असत. मग ऑपरेटर टाचणीने फिल्मवर ओरखडा काढून स्वतःची खूण करी, पुढचा आणखी एक करी. रिळाच्या शेवटी कोपऱ्यात जी ओरखड्यांची गर्दी दिसायची, ती यातून आलेली.

भोकांवर वरून खाली पडणाऱ्या लोखंडी झडपा आहेत का, पाहा. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सिनेमा नायट्रेट फिल्मवर निघायचा. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. म्हणून झडपांच्या तारेत कमी उष्णतेला वितळणारा धातूचा दुवा असे. आग लागली की दुवा वितळून झडपा आपोआप बंद. जाड भिंती, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार, रिळं गुंडाळायला वेगळी खोली, हे सगळं याच भीतीतून आलं. मात्र झडपा दिसल्या म्हणून थिएटर स्वातंत्र्याच्या आधीचं ठरत नाही. सहज न पेटणारी सेफ्टी फिल्म आल्यावरही आगीचे नियम राहिले आणि नंतर बांधलेल्या थिएटरांतही झडपा बसत गेल्या.

आता छतातून बाहेर गेलेला पत्र्याचा पाइप शोधा. तो कार्बनच्या धुराचा. प्रोजेक्टरच्या मागच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरत, त्यांना एकदिश वीजप्रवाह देत आणि मधल्या काही मिलिमीटरच्या फटीत आर्क, म्हणजे विजेची प्रखर ज्योत, पेटे. मागचा अंतर्गोल आरसा तो उजेड फिल्मवर फेकी. धन बाजूची कांडी लवकर जळते म्हणून ती जाड असे. वीज मंडळाची वीज उलटसुलट प्रवाहाची, त्यामुळे ती एकदिश करणारा रेक्टिफायर शेजारी लागे. जुन्यातले काही पाऱ्याचे, काचेच्या मोठ्या फुग्यात जांभळट उजेड देणारे.

ऑपरेटरचं खरं कसब त्या फटीत होतं. फट वाढली की चित्र अंधारतं, थरथरतं आणि शेवटी आर्क तुटतो. कांड्या फार जवळ आल्या तर आर्क फुरफुरतो. कांड्यांवरच्या तांब्याच्या मुलाम्याचे शिंतोडे आरशावर उडून खड्डे पडतात, मग पडदा मधोमध उजळ आणि कडांना मळकट दिसतो. असा आरसा नुसता पुसून सुधारत नाही, बदलावाच लागतो. लहान गावांतले बरेच मालक तो बदलत नसत, आणि प्रेक्षक दोष प्रिंटला देत.

मोठ्या शहरांत झेनॉनचे दिवे आले तरी लहान गावांत कार्बन 1990 च्या दशकातही जळत होता. झेनॉनच्या बल्बमध्ये वायू मोठ्या दाबाखाली भरलेला असतो. तो थंड असतानाही फुटू शकतो, म्हणून चेहऱ्यावर जाळी आणि हातात मोजे घालूनच बदलायचा, काचेला बोट लावायचं नाही. अडगळीत असा बल्ब दिसला तर हाताळू नका.

आवाजाकडे वळू. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला छापलेली असते, पण ती आपल्या चित्राच्या 20-21 चौकटी पुढे. कारण झोताच्या खिडकीत फिल्म चौकट-चौकट थांबत जाते, आणि आवाज वाचायला ती एकसारखी सरकावी लागते. दोन्हींच्या मध्ये फिल्मचा सैल वेढा ठेवतात. तो लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत, पार गेला तर चित्र उड्या मारतं. आणि चित्र चालू असताना आवाजच गेला, तर पट्टीवर उजेड टाकणारा छोटा बल्ब उडाला, हा पहिला अंदाज. 1990 च्या दशकाच्या शेवटी ‘डीटीएस’ या डिजिटल आवाजाच्या पद्धतीच्या पाट्या अभिमानाने लागल्या, तेव्हा आवाज सीडीवरून येऊ लागला, फिल्मवर त्याच्याशी जुळवून घ्यायच्या खुणा असत आणि जुनी पट्टी राखीव म्हणून राही.

प्रिंट कुठून यायच्या, हे गावच्या जुन्या राज्यावर ठरे. सिनेमाच्या धंद्यात मराठवाडा आजही ‘निजाम’ टेरिटरीत, म्हणजे वितरणाच्या इलाख्यात, आणि विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) मोडतो. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि गोवा ‘बॉम्बे’त, गुजरातबरोबर. राज्यं 1956 आणि 1960 मध्ये बदलली, वितरकांचे नकाशे बदलले नाहीत. मध्य भारतातल्या वितरकांच्या आणि थिएटरवाल्यांच्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्य कार्यालय भुसावळला आहे. मराठवाड्यातल्या टॉकीजची पत्रं हैदराबादच्या पत्त्याची निघाली तर नवल वाटू देऊ नका.

कागद शोधायचे तर दोन जागा. थिएटर काढायला जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला आणि परवाना लागे, त्याची फाइल सालाचा पक्का पुरावा देते. दुसरी करमणूक कर शाखा. मुंबई इलाख्यात हा कर 1923 च्या कायद्याने आला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीत विरून गेला. तोवर रोजच्या खेळाचा हिशेब वर्गवार लिहिला जाई: किती तिकिटं गेली, कर किती, निव्वळ किती. वितरकाशी व्यवहार कधी ठोक भाड्याचा, कधी टक्केवारीचा, कधी किमान हमीचा. अशी एखादी वही दहा मुलाखतींना भारी पडते. बहुतेक ठिकाणी ती रद्दीत गेली आहे, पण दिवाणजींच्या घरी विचारून पाहावं.

छपरावर डिश दिसली तर तो शेवटचा थर. 2005 नंतर सिनेमा उपग्रहावरून येऊ लागला आणि तालुक्याच्या गावाला शहराच्याच शुक्रवारी नवा सिनेमा मिळाला. पूर्वी प्रिंट मोजक्या, त्यामुळे तो कित्येक आठवड्यांनी आणि ओरखड्यांचा पाऊस घेऊनच येई. पुढच्या दहा वर्षांत फिल्म बहुतेक ठिकाणी बंद झाली आणि प्रोजेक्टर भंगाराच्या भावाने गेले.

डबे सापडले तर झाकण जपून उघडा. आंबट, शिरक्यासारखा वास आला तर फिल्म अॅसिटेटची, म्हणजे सेफ्टी फिल्म, आणि सडायला लागलेली आहे; ती इतर रिळांपासून वेगळी, गार आणि कोरड्या जागी, आडवी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, वाफ आत कोंडून सड वाढते. फिल्म चिकट, तपकिरी किंवा भुकटी झालेली असेल किंवा कडेला ‘नायट्रेट’ हा शब्द इंग्रजीत छापलेला असेल, तर ती उन्हात नेऊ नका, घरी ठेवू नका आणि पेटवून तर मुळीच पाहू नका. कडेचे शब्द आणि डब्यावरचं लेबल यांचा फोटो काढा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. जुन्या प्रिंट चांदी काढण्यासाठी विकल्या जात, उरलेल्या फिल्मच्या बांगड्या होत. त्यामुळे डब्यात काहीतरी शिल्लक आहे, एवढंही कळवण्याजोगं आहे, मग ती एकाच रिळाची अर्धी फिल्म का असेना.

नमस्कार.