वसईच्या घंटा

श्रोतेहो, नमस्कार. आज वसईच्या किल्ल्याविषयी बोलायचंय.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढची दोनशे वर्षं हे त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होतं. तटाच्या आत चर्चेस, मठ, वाडे, बाजार, सगळं शहरच. दोनशे वर्षं, लक्षात ठेवा. मग चिमाजी अप्पांचा वेढा पडला. माणसं फार कामी आली. अखेर मे १७३९मध्ये सुरुंगांनी बुरूज फुटला आणि पोर्तुगीज शरण आले. अप्पांनी त्यांना कुटुंबकबिल्यासह सुखरूप जाऊ दिलं.

पण मला सांगायचीय ती घंटांची गोष्ट. मराठ्यांनी चर्चच्या घंटा उतरवल्या आणि त्यांतल्या काही देवळांत नेऊन टांगल्या. एक भीमाशंकरला. एक नाशिकला, नारोशंकराच्या देवळात. आणि एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर. रस्ते धड नव्हते हो तेव्हा! कोकणातून एवढं ओतीव धूड घाट चढवून आणायचं म्हणजे बैलांचं आणि माणसांचं काय झालं असेल?

मेणवलीची घंटा जवळ जाऊन पाहा. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि साल आहे १७०७. सतराशे सात! औरंगजेब नगरला वारला तेच साल. मेरीची ही घंटा मेणेश्वर महादेवाच्या दारात पिढ्यान्पिढ्या वाजते आहे, आणि त्या मूर्तीवर कुणी छिन्नी चालवली नाही. याचा मला फार अभिमान वाटतो. हल्ली देवळांत विजेवर वाजणारी घंटा-नगाऱ्याची यंत्रं बसवतात, ती मला मुळीच पटत नाहीत. आरती करणाऱ्याचा हात घंटेच्या दोरीला लागलाच पाहिजे.

तर वसई. १८०२च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथलाच, आणि मराठेशाहीला तो भोवला. किल्ल्यात संत गोन्सालो गार्सियांचं चर्च आहे. ते वसईचेच, १५९७मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाले. वसई रोड स्टेशनबाहेर किल्ल्यासाठी रिक्षा मिळते. आतले चर्चचे मनोरे आवर्जून पाहा. घंटा तिथूनच उतरवल्या. मेणवली, नाशिक, भीमाशंकर यांपैकी जे जवळ पडेल तिथेही जा, आणि मुलांना घंटेवरचं साल स्वतः वाचू द्या.