घागरीचा हिशेब

(लातूरच्या एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सरांनी ओळख करून देताना 'जगभर सेवा करणारे' म्हटलं. सर, आपत्तीत नि युद्धात सापडलेल्या माणसांपर्यंत मदत पोचवायचं माझं काम ही सेवा नाही, नोकरी आहे. पगार मिळतो, रजा मिळते, साहेब ओरडतो. सेवेच्या ओढीनं आलेली बरीच पोरं वर्षभरात परत गेलेली पाहिलीत, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा. औसा तालुक्यातलं आमचं गाव. भिंत पडली, माणसं वाचली. मग मदतीचे ट्रक सुरू झाले. एका गाठोड्यातून आईच्या वाट्याला पायघोळ लोकरी कोट आला. तिनं तो म्हशीच्या अंगावर टाकला. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की, कुणाची शेती किती त्या हिशेबानं 250, 400, 750 चौरस फुटांची, शहरासारखी आखीव ओळीत. पण बैल कुठं बांधायचे, भावकीचा शेजार कसा राखायचा, हे नकाशात कुठंच नव्हतं.

आमच्या धंद्यात 'स्फिअर' नावाचं मानकांचं पुस्तक वापरतात. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, नळ 500 मीटरच्या आत, एका नळावर फार तर 250 माणसं, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबणं नको. वाचताना वाटलं, 15 लिटर म्हणजे आपली एक घागर की! एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी दक्षिण सुदानमध्ये नळ बसवत होतो. बहिणीनं इथून फोनवर विचारलं, "तिकडं रांग किती असते रे?" मी पुस्तकातलं सांगितलं, अर्धा तास. म्हणाली, "मग आम्हालाच तिकडं ने की."

आता माझी चूक ऐका. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. तिथल्या एका छावणीत मी नळकोंडाळं बसवलं. अंतर, दाब, क्लोरीन, सगळं मापात. तरी दिवसभर तिथं बायका फिरकत नव्हत्या. फक्त अंधार असताना यायच्या. समोर चहाची टपरी होती आणि पुरुषांचा घोळका. आमच्या गावात टँकर पारापाशी रिकामा व्हायचा आणि आई डोक्यावरचा पदर सावरत खाली मान घालून उभी राहायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तरी नकाशा काढताना आठवलं नाही. डिप्लोमा झाल्यावर माणूस असा विसरतो. दोन बायकांना विचारून कोंडाळं हलवलं, चार दिवसांचं काम वाया गेलं.

आत शिरायचं कसं, ते थोडक्यात. जिनिव्हा, न्यूयॉर्कची मोठी मुख्यालयं डोक्यातून काढा. या क्षेत्रातले बहुतेक लोक आपापल्या देशातच काम करतात. आधी हातात कसब हवं: सिव्हिल, नर्सिंग, हिशेब, गोदाम. हो, गोदाम! पीठ कुठल्या ट्रकमध्ये चढलं आणि किती पोती उतरली, हे चोख सांगणारा माणूस भाषण देणाऱ्यापेक्षा लवकर लागतो. मग दोन-तीन वर्षं आपल्याच जिल्ह्यातल्या संस्थेत घासा. शिकायचं असेल तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. इंग्रजी लागतेच, जोडीला फ्रेंच असेल तर आफ्रिकेतले बरेच देश उघडतात.

आणि करार सहा महिन्यांचे, वर्षाचे. 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत एका फटक्यात आखडली, यूएसएड हे खातंच मोडीत काढलं. माझे कितीतरी सहकारी घरी बसले. घराचा हप्ता चालू असेल तर नीट विचार करा.

घरी काय सांगायचं, असं मघाशी एकीनं विचारलं. मी बरीच वर्षं समजावलं. आईनं गावात सांगून ठेवलंय, पोरगा पाणीपुरवठा खात्यात आहे, बदली लांब झालीय. आता मीही तेच सांगतो.