जीनियस लोकांचा पहिला एपिसोड

माईक मागंपर्यंत पोचतोय ना? बरं. पत्रिकेवर माझा विषय ‘टीव्हीवरचे जीनियस आणि प्रेक्षकांचं पहिलं मत’ असा छापलाय आणि त्याखाली वेळही छापलीय, त्यातला बराचसा वेळ सत्कारात गेला, शाल मिळाली, नारळ मिळाला, तक्रार नाही. फक्त अध्यक्षांनी मघाशी मला ‘संगणकतज्ज्ञ’ म्हटलं ते तेवढं मागं घ्या. मी आयुष्यभर सपोर्टमध्ये होतो. बंद पडलेलं चालू करणं आणि चालू असलेलं बंद पडू नये म्हणून बघत बसणं, एवढंच माझं काम. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढं त्याचा संबंध येणारे.

तर मालिका ‘स्कॉर्पियन’. तुमच्यातल्या काहींनी बघितली असेल, बाकीच्यांच्या मुलांनी बघितली असेल. २२ सप्टेंबर २०१४, सोमवार, रात्री नऊ वाजता अमेरिकेत सीबीएसवर पहिला भाग लागला. त्याच्या आधी त्याच चॅनेलवर ‘द बिग बँग थिअरी’च्या नव्या सीझनचे दोन भाग दाखवले, म्हणजे आधी तासभर हुशार लोकांना हसून घ्या आणि मग सोफ्यावरनं न उठता तसल्याच हुशार लोकांना जग वाचवताना बघा, चॅनेलवाल्यांचं डोकं बघा! त्या रात्री एक कोटी तीस लाखांच्या वर लोकांनी तो भाग बघितला. हीरो वॉल्टर ओब्रायन. या नावाचा माणूस खरा आहे, आयर्लंडचा, त्याच्या आयुष्यावरून मालिका सुचली असं सांगितलं जायचं, आणि त्याचे स्वतःबद्दलचे दावे खरे किती यावर तिकडच्या पत्रकारांनी तेव्हाच भरपूर शंका घेतल्या. त्यात मी पडत नाही, आपण टीव्हीवरच्या वॉल्टरबद्दल बोलू. त्याचा आयक्यू १९७, लहानपणी नासाचा कॉम्प्युटर हॅक केला, का, तर बेडरूमच्या भिंतीवर शटलचं ड्रॉइंग लावायचं होतं. आमच्या वेळी भिंतीवर गावसकर होता, तो कॅलेंडरच्या दुकानात मिळायचा.

वॉल्टरची टोळी म्हणजे एक आकडेमोडवाला सिल्व्हेस्टर, एक यंत्रांतली हॅपी, एक माणसांचं मन वाचणारा टोबी. गोष्ट काय, तर लॉस एंजेलिसच्या विमानतळावर नवीन सॉफ्टवेअर टाकतात, त्यात गडबड होते, टॉवरचा विमानांशी संपर्क तुटतो, वर विमानं घिरट्या घालतायत, इंधन संपत चाललंय. जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं की काम होणार, पण खाली ते कुठंच शिल्लक नाही. ते शिल्लक आहे हवेतल्या एका विमानात. मग काय करायचं? विमान धावपट्टीवरनं अगदी खालून उडवायचं, त्याच्या पोटातनं एक इथरनेटची, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडायची, केबल सोडायची, खाली फेरारी पळवायची, फेरारीत वॉल्टर, आणि त्यानं लॅपटॉपला केबल जोडून डाउनलोड करायचं.

हसा, मीही हसलो होतो.

आता प्रेक्षकांचं पहिलं मत काय झालं. अमेरिकेतले नेटवर्कवाले, वैमानिक, टॉवरवर काम केलेले लोक, सगळे या केबलवर तुटून पडले. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. टॉवरचं सॉफ्टवेअर विमानात असतंच कशाला? दोन वेगळी यंत्रं, एकाची प्रत दुसऱ्यात राहत नाही. बरं, रेडिओ गेला म्हणून विमानं उतरत नाहीत असंही नाही. वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० टाकतो, त्याचा अर्थ खालच्यांना कळतो की याचा संपर्क गेलाय. टॉवरवर चक्क दिव्याची बंदूक असते, स्थिर हिरवा दिवा दाखवला की उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा. हे फार जुनं आहे, याला कसलंही सॉफ्टवेअर लागत नाही. इंधनाचं म्हणाल तर ठरलेल्या विमानतळापर्यंत पुरेल एवढं, तिथनं पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढं आणि वर ४५ मिनिटांचं, असा तिकडचा नियम आहे, आणि बरबँक, लाँग बीच, ऑन्टॅरिओ, सॅन दिएगो एवढे सगळे विमानतळ बाजूलाच बसलेत. शिवाय उतरणारं प्रवासी विमान ताशी अडीचशे किलोमीटरनं येतं, त्याला खालनं वायर लावायची! आमच्या ऑफिसात खुर्ची सरकली तरी ती वायर निघायची, तिची ती प्लास्टिकची चिमटी तुटलेली असायची, कायम.

तर या लोकांनी तिथंच टीव्ही बंद केला, निदान केला असं म्हणाले. माझं म्हणणं असंय की हे हसणं बरोबर जागी होतं पण चुकीच्या कारणासाठी होतं. केबल खोटी आहे हे चालतं हो, आपण मारुतीरायाला पर्वत उचलू देतो. गडबड वेगळीच आहे, आणि ती सांगण्यासाठी मला एक खरी गोष्ट सांगायला लागेल, थोडी लांब आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं तरी चालेल.

मालिकेच्या बरोबर दहा वर्षं आधी, १४ सप्टेंबर २००४, संध्याकाळची वेळ. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला पामडेल म्हणून गाव आहे, तिथं हवाई वाहतूक नियंत्रणाचं मोठं केंद्र आहे, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वरनं जाणारी विमानं तिथनं सांभाळतात. त्या संध्याकाळी तिथला विमानांशी बोलायचा रेडिओ बंद पडला. खरोखर. आकाशात चारशेच्या आसपास विमानं आणि खाली बसलेल्यांना स्क्रीनवर ती सरकताना दिसतायत पण बोलता येत नाही, दोन विमानं एकमेकांकडं चाललीयत हे दिसतंय, सांगता येत नाही. बॅकअप होता, तो चालू झाला आणि मिनिटभरात तोही बसला. लोकांनी खिशातले मोबाइल काढून शेजारच्या केंद्रांना फोन केले, म्हटलं आमची विमानं तुम्ही घ्या. तीन तास हा गोंधळ, ८०० फ्लाइटींचं वेळापत्रक कोलमडलं, काही विमानं एकमेकांच्या नको तेवढी जवळ आली, पण विमानांतच टक्कर टाळायची यंत्रणा असते, तिनं वैमानिकांना इशारे दिले आणि कुणाला काही झालं नाही.

आणि कारण? ऐका आता. त्या यंत्रणेत एक घड्याळ होतं, मिलिसेकंद मोजणारं, उलटं मोजत जाणारं. ३२ बिटचं, म्हणजे आकडा ३२ शून्य-एकांत साठवणारं. ३२ बिटांत वेगवेगळे आकडे होतात ४,२९,४९,६७,२९६. एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस, १७ तास आणि काही मिनिटं. घड्याळ शून्यावर आलं की यंत्रणा बंद. हे माहीत होतं त्यांना! त्यावर उपायही ठरला होता, दर ३० दिवसांनी एकदा माणसानं जाऊन ती रिस्टार्ट करायची, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. त्या खेपेला ते राहून गेलं. बस, एवढंच. ना व्हायरस, ना हॅकर.

मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा जो आनंद झाला तो मी घरी कुणालाच समजावू शकलो नाही. बायको म्हणाली, म्हणजे बंद करून चालू करायचं राहिलं? म्हटलं हो. म्हणाली, तुम्ही पगार याचाच घेता ना?

याचाच घेत होतो. आणि इथं माझं जुनं दुखणं आहे, ते सांगून घेतो, परत व्यासपीठ कधी मिळेल सांगता येत नाही. मी ज्या कंपनीत होतो तिथं दर तिमाहीला एकाला हीरोचं बक्षीस मिळायचं, फोटो, सर्टिफिकेट, जेवणाचं कूपन. एका वर्षी ते अशा एकाला मिळालं ज्यानं सलग रात्रभर जागून पडलेला सर्व्हर उभा केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सर्व्हर पडला का होता, तर डिस्क भरली होती, आणि डिस्क साफ करायचं काम त्याच पठ्ठ्याकडं होतं, महिनोन्महिने केलं नव्हतं. आमच्याच खोलीत एक बाई होत्या, त्यांच्याकडच्या मशिनी कधी पडल्याच नाहीत. रोज सकाळी आल्या की वहीत आकडे लिहायच्या, हो, वहीत, बॉलपेननं, कुठली डिस्क किती भरली, कुठला जॉब किती वेळ चालला, आणि एखादा आकडा वाकडा दिसला की तिथल्या तिथं निस्तरून मग डबा उघडायच्या. त्यांना बक्षीस कशाचं देणार? साहेब म्हणाले, पण त्यांच्याकडं तर काहीच घडत नाही! हे वाक्य साहेबांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं होतं, लक्षात घ्या.

मालिका लिहिणाऱ्यांची अडचण नेमकी साहेबांसारखीच असते. काहीच घडलं नाही याचा सीन होत नाही. पामडेलला त्याआधी ज्या ज्या माणसानं आठवणीनं ते रिस्टार्ट केलं त्याच्यावर कोण एपिसोड काढणार? म्हणून मग हुशारी दाखवायची तर ती शेवटच्या मिनिटाला दाखवायची, धावत, घाम येत, आणि तरीही कमी पडेल असं वाटलं तर फेरारीत. कीबोर्ड बघा त्यांचे, कुणी बॅकस्पेस म्हणून मारत नाही. सोसायटीतली लोकं हे बघतात आणि मग मला बोलावून सीसीटीव्हीसमोर बसवतात आणि मागं उभी राहतात, चहासुद्धा देत नाहीत, की आता हा टकाटका काहीतरी टाइप करेल. मी वायर काढून परत लावतो. चालू होतं. त्यांची निराशा तुम्ही बघायला पाहिजे. एकदा एका नातेवाइकानं लग्नात जेवताना विचारलं, जावयाचं व्हॉट्सअ‍ॅप हॅक करता येईल का. जिलबी हातात होती माझ्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे सात धरा.

तर मूळ मुद्दा, ज्यासाठी मला बोलावलं. जीनियसवरच्या मालिकेचा पहिला भाग बघून मत कसं बनवावं, याचं मी टिपण आणलं होतं, आता भराभर सांगतो.

आयक्यूचा आकडा आला की सावध व्हा. १९७ म्हणजे काय? सरासरी १०० आणि १५ची पायरी, म्हणजे माणसं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलीत त्याचं माप, धरली तर १९७ हा साधारण दोन हजार कोटी माणसांत एक निघतो, पृथ्वीवर माणसंच आहेत आठशे कोटी. मोजणार कशानं, कुणाशी ताडून बघणार? आणि मालिका सांगते आइन्स्टाइनचा १६० होता. आइन्स्टाइननं अशी चाचणी दिल्याची कसलीच नोंद नाही. खऱ्या चाचण्यांचं काय होतं तेही बघा, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञानं १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीडेक हजार हुशार पोरं आयक्यू बघून निवडली आणि त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवलं. त्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. आणि ज्यांना चाचणीत कमी पडले म्हणून घेतलं नाही त्यांत दोन पोरं होती, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ, दोघांनाही फिजिक्सचं नोबेल, एकाला १९५६, दुसऱ्याला १९६८. यावर वेगळं व्याख्यान होईल, बोलवा.

दुसरं, विक्षिप्तपणा. आपला टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह करमचंद १९८५ला गाजर खायचा, तिकडचा डॉक्टर हाउस काठी घेऊन पेशंटला टाकून बोलायचा, वॉल्टर तर पहिल्याच भागात गर्लफ्रेंडशी ब्रेकअप करताना फ्लोचार्ट काढून देतो. सवय दाखवायला सोपी, विचार दाखवायला अवघड, म्हणून गाजर. गाजर काढून घेतल्यावर माणूस विचार करताना दिसतो का एवढं बघायचं. करमचंद दिसायचा, हे माझं मत, वाद नंतर घाला.

तिसरं, आणि हे केबलवर हसणाऱ्यांच्या हातनं सुटलं. त्याच पहिल्या भागात एक साधं हॉटेल आहे, वॉल्टर तिथं वायफाय नीट करायला आलेला, तिथं काम करणारी पेज, आणि तिचा लहान मुलगा राल्फ, कुणाशी न बोलणारा. शाळेचं आणि आईचं म्हणणं पोरगं मागं पडलंय. काउंटरवर मीठ-मिरपूड, साखरेच्या पुड्या असलं पडलेलं, पोरगं त्यातलं एक सरकवतं, वॉल्टर बघतो, दुसरं सरकवतो. ते दोघं बुद्धिबळ खेळत असतात! कुणी पळत नाही, कुणी टाइप करत नाही. आईला तोपर्यंत कुणी सांगितलेलंच नसतं की आपला मुलगा हुशार आहे, ते वॉल्टर सांगतो. हुशार माणूस दुसऱ्या हुशार माणसाला ओळखतो ते लक्ष देऊन, घाई करून नाही. वहीवाल्या बाई हेच करायच्या. ज्या प्रेक्षकांनी पहिल्या रात्री म्हटलं की केबल जाऊ दे पण ती आई आणि ते पोरगं आवडलं, पुढच्या सोमवारी काय होतं बघू, त्यांना मालिका नीट कळली होती. त्यांच्या जोरावर ती चार सीझन चालली, ९३ भाग. मग एप्रिल २०१८ला टोळी फुटते आणि फुटलेले लोक ‘सेंटिपीड’ नावाची दुसरी कंपनी काढतात, म्हणजे विंचवातनं गोम निघाली, आणि मे महिन्यात चॅनेलनं मालिकाच बंद केली. ती भांडणं कशी मिटली ते आता कुणालाच कळायचं नाही.

बेल झाली, ऐकू आली. एक प्रश्न चिठ्ठीवर आधीच आलाय तेवढा घेतो, पहिला भाग बघावा का? बघा. हॉटेलातला सीन आधी येतो, केबल शेवटी येते, तेव्हा चहा टाकायला उठलात तरी काही बिघडत नाही. पामडेलचं ज्यांना सविस्तर हवंय त्यांनी बाहेर भेटा, त्या ३२ बिटच्या घड्याळाबद्दल अजून बरंच आहे, विंडोज ९५लासुद्धा हेच ४९ दिवसांचं दुखणं होतं, फक्त ते ४९ दिवस न पडता चालवून दाखवणारा माणूस मला अजून भेटला नाही.