लष्करात गेला म्हणजे कुठं गेला बे?

सोलापूरच्या बाहेरचं कुणी बघत असेल तर आधी एक सांगून टाकतो. आमच्याकडं लष्कर नावाचा भागच आहे, सदर बझारच्या बाजूला. इंग्रजांच्या छावणीवरनं पडलेलं नाव, ते राहिलं. रिक्षावाल्याला लष्कर म्हणलं की तो गपचूप तिकडं नेऊन सोडतो, तिथं घरं आहेत, दुकानं आहेत, शाळा आहेत, फौज तेवढी नाही.

त्यामुळं डिसेंबर 2022 च्या शेवटाला अक्कलकोट रोडच्या एका काकूंनी गल्लीत पेढे वाटत "पोरगं लष्करात गेलं" म्हणून सांगितलं, तेव्हा समोरच्या आजीनं अगदी मनापासनं विचारलं, "लष्करात कुणाकडं गं?"

तर हा व्हिडिओ त्या पोराचा. माझा दोस्त आहे, एका बेंचवर बसलोय आम्ही. नाव सांगणार नाही, तो आता ड्युटीवर असतो. कुठल्या सेंटरला ट्रेनिंग झालं तेही नाही. आणि ट्रेनिंग सेंटरमध्ये आपल्यासारख्याला कॅमेरा घेऊन कोण आत सोडतंय, त्यामुळं बंदुका, तारेखालनं रांगणारी पोरं असलं काही बघायला मिळेल म्हणून बसला असाल तर सॉरी. तुम्हाला दिसणार आहे ते त्याचं घर, त्याच्या अप्पांचा कारखाना, आणि सुट्टीवर आल्यावर त्यानं चटईवर बसून सांगितलेलं.

हे जे मातीचं ग्राउंड दिसतंय ना, इथं तो तीन वर्षं पळाला. पहाटे पाचला. भरतीत सोळाशे मीटर असतं, तेव्हाच्या नियमानं साडेपाच मिनिटांत मारलं तर 60 मार्क, त्याच्यावर पंधरा सेकंदांपर्यंत 48, आणि त्याच्याही पुढं गेला की घरी जा. मग बीम, दहा पुलअप मारले तर 40 मार्क. आमच्या ह्याचं सोळाशे पाच चोवीसला बसलेलं होतं पण पळून दाखवायचं कुठं, कोरोनामुळं दोन वर्षं भरतीच नाही, आणि वय काय थांबत नाही. बरोबरची निम्मी पोरं वयात बसेनाशी झाली, कुणी एमआयडीसीत लागला, कुणी डिलिव्हरीला. जून 2022 ला अग्निपथ योजना आली, तिच्यात वय साडेसतरा ते एकवीस होतं, मग भरती बंद होती म्हणून त्या एका वर्षापुरतं तेवीस केलं, त्या दोन वर्षांच्या सवलतीत हा आत गेला. म्हणजे अग्निवीरांची पहिलीच बॅच. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढं कायम ठेवणार. ती योजना बरोबर का चूक ह्याच्यावर आमच्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात, ते इथं काढत नाही, नाहीतर व्हिडिओ संपायचाच नाही.

निघताना काकूंनी काय दिलं असेल? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. काकू कडक भाकऱ्या करून विकतातच, ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, महिना दोन महिने काही होत नाही त्यांना. पन्नास भाकऱ्या बॅगेत. तो म्हणाला, आई एवढ्या कोण खाणार, काकू म्हणाल्या राहू दे, तिकडं काय मिळतंय कुणास ठाऊक. पहिल्या रात्री बॅरकमध्ये पिशवी उघडली आणि दहा मिनिटांत पन्नासच्या पन्नास संपल्या, हरियाणाचा एक पोरगा चटणी नुसतीच खात बसला, डोळ्यातनं पाणी काढत, पण खात बसला. त्यानंतर सहा सात महिने ज्वारी दिसली नाही.

आता पहिला दिवस. आपल्याला वाटतं पहिल्या दिवशी पळवत असतील. तर नाही. पहिला दिवस रांगेत जातो. कागदपत्रांची रांग, मेडिकलची रांग, केस कापायची रांग, मापाची रांग, सामानाची रांग, आणि ह्या रांगेतनं त्या रांगेत जायचं ते मात्र पळत. केस तर म्हणे दीड मिनिटात गेले. तीन वर्षं भरतीच्या तयारीच्या अकॅडमीत बारीक केस ठेवणारं पोरगं, तरी त्या खुर्चीतनं उठल्यावर आरशात बघितलं तर कान एवढे मोठे कधी झाले म्हणतोय. मोबाईल जमा. मग नंबर मिळतो, तो पाठ करायचा, झोपेतनं उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. आणि ती काळी पत्र्याची पेटी, पांढऱ्या रंगानं नंबर नाव घातलेली, तुमच्या ओळखीत कुणी फौजी असेल तर त्याच्या घरात कॉटखाली बघा, सापडेलच.

सामानात काय काय मिळालं ते तो बोटं मोडत सांगत होता. बूट, पीटी शूज, बनियन, मच्छरदाणी, कंबल, मग, मेस टिन, आणि सुई-दोऱ्याची एक छोटी पिशवी, हिला फौजेत हाऊसवाईफ म्हणतात, इंग्रजांच्या काळापासनंचं नाव आहे. उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, जोरात ओरडले "हाऊसवाईफ दिखाओ" आणि मागच्या रांगेत एकजण हसला. त्या एकाच्या हसण्याचे फ्रंट रोल सगळ्यांनी मारले. ह्याला रगडा म्हणतात. एकानं चूक केली की सगळ्यांना, हा पहिला नियम, आणि तो कुणी सांगत नाही, तो असाच कळतो.

पण आमच्या ह्याला खरा त्रास दिला तो चादरीनं.

हसू नका. हे मागं दिसतंय ना, ते त्याच्या अप्पांचं काम. पॉवरलूम, जॅकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी उठणारी सोलापुरी चादर, जीआय मिळालेली, म्हणजे सोलापूरचीच म्हणून सरकारी नोंद असलेली. बारा तासांची पाळी, त्या खटखटीत बाजूचा माणूस काय बोलायलाय ते ओठांवरनं ओळखायचं. ह्या घरात पोरगं चादरीत जन्मलं, चादरीवर वाढलं, आणि फौजेतल्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी त्याची चादर नापास. गादीवर चादर अशी ओढायची की एक सुरकुती नको. कंबलची घडी चौकोनी, मच्छरदाणीची घडी तिच्यावर, कडा कडेला. आणि एकट्याची बरोबर असून चालत नाही, बॅरकच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत दोरी धरतात, सगळ्यांच्या घड्या त्या दोरीला लागल्या पाहिजेत. चारला उठायचं, त्यातली वीस मिनिटं ह्याच्यातच. ह्याची घडी दोन बोटं पुढं. उस्तादांनी काही न बोलता उचलली आणि बाहेर अंगणात टाकली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी त्यानं शक्कल लढवली, रात्रीच घडी घालून ठेवली आणि स्वतः जमिनीवर दरीवर झोपला, जानेवारीत, उत्तरेकडच्या थंडीत. सोलापूरची थंडी म्हणजे काय हो, सकाळी एक स्वेटर आणि नवाला परत ऊन. तिथं त्याचे दात वाजायला लागले. आणि हे करणारा तो एकटा नव्हता, बॅरकमधली निम्मी पोरं खाली झोपलेली.

मी विचारलं, पळायला त्रास नाही झाला का? म्हणाला, "पळायची तयारी तीन वर्षं केलेली की बे, घडीची कुणी सांगितलीच नव्हती."

भाषेची दुसरी गंमत. मराठी पोरं बेळगावला गेली, मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला, तर तिथं निदान आजूबाजूला मराठी कानावर पडतं, ह्या रेजिमेंटच्या जवानांना फौजेत प्रेमानं गणपतच म्हणतात. हा गेला भलतीकडं, जिथं सगळ्या देशातनं आलेली पोरं. बरं, हिंदी येत नव्हती असं नाही. पण ती आमची सोलापूरची हिंदी, "मेरेकू क्या मालूम" वाली. उस्तादांनी काही विचारलं की "जी उस्ताद" म्हणायचं, ह्याच्या तोंडातनं पहिल्यांदा निघालं "हौ उस्ताद", हौ म्हणजे आमच्याकडं हो. झालं, पुढचे कित्येक दिवस त्याचं नावच हौ पडलं.

आणि डावं उजवं. परेडचे हुकूम शाळेपासनं माहीत, दाहिने मूड, बाये मूड, तिथं चुकला नाही. पण उस्ताद बोलता बोलता साधं "दायाँ पैर आगे" म्हणले की ह्याचा डावा पाय पुढं. दायाँ, डावा, कानाला सारखंच लागतंय ना, आणि अर्थ बरोबर उलटा! बाकीचे चाळीस एकीकडं आणि सोलापूर दुसरीकडं. शेवटी एका आसामच्या पोरानं, ज्याला स्वतःला हिंदीची बोंब होती, त्यानं उपाय काढला, उजव्या हाताच्या नखावर पेनानं टिंब. दोघांनी आठवडाभर ते टिंब रोज गिरवलं.

बुटांनी टाचा सोलल्या, ते सगळ्यांच्याच सोलतात. रायफल पहिल्या दिवसांत हातात येत नाही, ते नंतर. आधी उभं राहायला शिकवतात, मग चालायला. एकवीस बावीस वर्षांच्या घोड्याला.

एका गोष्टीत मात्र त्यानं भाव खाल्ला. नंबरच्या पट्ट्या कपड्यांवर शिवायच्या होत्या, बटणं लावायची होती, आणि बॅरकमध्ये सुईत दोरा ओवता येणारी पोरं चार. हा लूमच्या घरातला. धागा तुटला की मागावर जी बारीक गाठ मारतात, एका हाताच्या दोन बोटांत, ती त्याला सहावी सातवीपासनं येते, अप्पांचा डबा घेऊन जायचा तेव्हा बघून बघून शिकलेला. सगळ्या सेक्शनची बटणं ह्यानं लावली. त्या बदल्यात हरियाणावाल्यानं त्याची घडी घालायला सुरुवात केली, मग शिकवली, आणि दहाव्या का अकराव्या दिवशी त्याची कंबल दोरीला लागली. उस्ताद काही बोलले नाहीत. पुढं गेले. "ते पुढं गेले बे," एवढं सांगताना त्याचा चेहरा बघा, मी कट केलं नाही ते.

घरी काय चाललं होतं ते आता. जाऊन दोन आठवडे झाले, फोन नाही. काकू रोज टीव्हीवरच्या बातम्या बघायच्या, जसं काय त्याला लगेच सीमेवरच उभा केलाय. गड्डा सुरू झालेला. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या सुमारास सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज, ज्यांना आम्ही काठ्या म्हणतो, अख्ख्या शहरातनं मिरवत जातात. त्या गडबडीत संध्याकाळी अप्पांच्या फोनवर अनोळखी नंबर आला. अप्पा लूमवर. त्यांनी कट केला, कर्जवाल्यांचे आणि लॉटरीवाल्यांचे लई फोन येतात म्हणून. परत आला, परत कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर खटखटीत काही ऐकू येईना, नुसतं "अप्पा, अप्पा". माग चालू सोडून ते बाहेर पळाले, शेजारच्या मागवाल्यानं धावत येऊन तो बंद केला.

तिकडं ह्याच्या मागं तीस पोरांची रांग, प्रत्येकाला तीन मिनिटं, त्यातली दोन कट करण्यात गेलेली. त्या एका मिनिटात त्यानं काय विचारलं माहितीय? "काठ्या निघाल्या का?" अप्पा म्हणले निघाल्या. "जेवलास का?" जेवलो. मग फोन गेला. टाचेचं सांगितलं नाही, जमिनीवर झोपतोय ते सांगितलं नाही. काकूंना फोन मिळालाच नाही, त्या दोन दिवस अप्पांशी बोलल्या नाहीत. रागच तसा होता, माझ्या मते बरोबर होता.

पगाराचंही सांगतो, कारण कमेंटमध्ये विचारणारच. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले 9 हजार निधीत कापून जातात, 21 हजार हातात. तेवढेच सरकार घालतं, चार वर्षांनी व्याजासकट साधारण 11 लाख 71 हजार मिळतात. पहिला पगार झाल्याचं त्यानं कळवलं तेव्हा अप्पांनी एकच विचारलं, बूट नवीन मिळतात का घ्यायला लागतात.

ट्रेनिंग 31 आठवड्यांचं होतं, दहा आठवडे बेसिक आणि मग पुढचं. ऑगस्ट 2023 ला पासिंग आउट झालं, काकू अप्पा जाऊन आले, काकूंनी आख्ख्या प्रवासात चप्पल काढली नाही, हरवेल म्हणून. मग तो सुट्टीवर आला आणि तेव्हा आम्ही हा शेवटचा शॉट घेतला.

मी म्हणलं, ती घडी कॅमेऱ्यासमोर करून दाखव की. घरात फौजेचं कंबल कुठनं आणणार, अप्पांनी आतनं कोरी सोलापुरी चादर आणून दिली, मरून रंगाची, मोराची. हा बसला गुडघ्यावर. एक घडी घातली, दुसरी घातली, कडा ओढल्या, तळहातानं दाबलं. सोलापुरी चादर ती, जाड, दाबली की हळूहळू परत वर येतेय. त्यानं उलगडली, परत घातली. चार वेळा. घाम आला त्याला. काकू दारात उभ्या राहून हसायलात.

"बसंना झालीय अप्पा, लई जाड हाय ही."

अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "पांघरायला विणलीय बे ती," म्हणले, "दोरी लावायला नाही."