तोच काळा दगड
मॉरिशसच्या एका मराठी माणसाचे फोटो : लघुमाहितीपटाचं निवेदन

[पडद्यावर : बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकण उघडतं.]

झाकण निघालं की आधी वास येतो. आंबट, शिर्क्यासारखा, थेट नाकात जाणारा. हा वास फिल्मचा आहे. निगेटिव्हची पट्टी ॲसिटेटची असते. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिली की ती आतून फुटायला लागते आणि तिच्यातून ॲसिड सुटतं. मग पट्टी आकसते, कडा वळतात आणि ज्या थरात चित्र असतं तो थर सालीसारखा सुटतो. एका रोलला हे लागलं की शेजारचे रोलही धरतात.

या डब्यात ३७ रोल होते. त्यातले तीन आमच्या हाती येईपर्यंत गेलेच होते.

डबा मॉरिशसमधला. फोटो मात्र पुण्याचे, कोकणाचे, नगर जिल्ह्याचे. काळ १९७६ ते १९८०. पुण्यात शिकताना ज्यांनी ते काढले ते आज सत्तरी ओलांडून गेलेत. पडद्यावर माझं नाव नको, फोटो पुरेत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आम्ही त्यांना काका म्हणतो. या फिल्ममध्येही ते काकाच.

[पडद्यावर : लाइट टेबल. हातमोजे घातलेली बोटं, काचेखाली सरकणारी पट्टी.]

एक पट्टी उचलायची. रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवायची, मऊ ब्रशनं उरलेली काढायची. पाणी लावायचं नाही. वळलेली पट्टी काचेखाली दाबून सपाट करायची, खालून उजेड, वरून कॅमेरा. टिपलेलं चित्र कॉम्प्युटरवर उलटवायचं. काळं आभाळ पांढरं होतं, पांढरे चेहरे सावळे होतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचा एक माणूस आपल्याकडे बघायला लागतो. पहिल्या दिवशी आमच्या १६ फ्रेम झाल्या. दुसऱ्या दिवशी ४०. हात बसायला एवढा वेळ लागतोच.

कॅमेरा म्हणाल तर साधा. आग्फा क्लिक थ्री. तेव्हा तो बडोद्यात बनायचा आणि मध्यमवर्गाच्या घराघरात असायचा. फोकस ठरलेला, शटरचा वेगही ठरलेला. एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. बारा म्हणजे बाराच. शिष्यवृत्तीतून रोलला आणि धुलाईला पैसे काढणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक खटका दाबण्याआधी विचार करावा लागायचा. तो विचार फोटोंत दिसतो.

[पडद्यावर : पहिला रोल, बारा फ्रेम एकापाठोपाठ.]

हा पहिला रोल. पुण्यात उतरल्यानंतरच्या आठवड्यातला. बारा फोटो, आणि एकातही माणूस मध्यभागी नाही. सगळ्या पाट्या आहेत. ‘सायकली भाड्याने मिळतील.’ ‘पिठाची गिरणी.’ ‘येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील.’ ‘थुंकू नये.’ एसटीच्या कपाळावरची ‘स्वारगेट’ ही अक्षरं.

आपण या पाट्यांखालून रोज जातो. काकांना त्या पाहून काय वाटलं असेल, ते कळायला त्यांचं बेट पाहावं लागतं. मॉरिशस बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही कमी. घरात बोली क्रेओल, फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी शिकायची ती संध्याकाळी बैठकेत, म्हणजे गावच्या मंडळाच्या शाळेत, कंदिलाभोवती बसून, आणि म्हणायची ती आरतीला. मराठी अक्षर काकांनी लिहायच्या पाटीवर पाहिलं होतं, पोथीत पाहिलं होतं, देवळाच्या भिंतीवर पाहिलं होतं. थुंकू नये असं सांगायलाही ते वापरतात, हे त्यांनी पहिल्यांदा पुण्यात पाहिलं. म्हणून तो अख्खा रोल.

[पडद्यावर : रसवंतीगृह. चरकाला बांधलेले घुंगरू.]

हा दुसऱ्या रोलमधला. लाकडी चरक, घुंगरू, काचेचे पेले, आलं-लिंबाची थाळी. काका उसाच्या बेटावरून आले होते. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस होता, आजोबांचं आणि वडिलांचं अंग उसानं चिरलेलं होतं. तरी ऊस ही बाकावर बसून, पैसे देऊन, मजेत प्यायची गोष्ट असते, हे त्यांना इथं कळलं. या फोटोच्या पाकिटावर त्यांनी क्रेओलमध्ये लिहिलंय : ‘कान इसि ओसी.’ ऊस इथंही.

त्या एका ओळीमुळे आम्ही ही फिल्म केली, असं म्हटलं तरी चालेल.

[पडद्यावर : पोर्ट लुई. आप्रवासी घाट. दगडी पायऱ्या वर जाताना.]

या पायऱ्या. पोर्ट लुई बंदरातला आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर या बेटावर आले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपत होती आणि उसाला हात हवे होते. मग कराराचे मजूर आणायची रीत पडली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या बंदरात उतरली. १८४९ मध्ये इथं डेपो बांधला गेला, आणि उतरलेला माणूस या पायऱ्या चढून मळ्याच्या हवाली व्हायचा. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून आले. मुंबईहून निघालेले थोडे. त्यात रत्नागिरी, मालवणकडची माणसं होती. काकांचे खापरपणजोबा त्यातले.

करार पाच वर्षांचा. महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. मळ्यावर याला नाव होतं ‘डबल कट’. अंगात ताप आहे की नाही, हे ठरवणारा मळेवाला. त्यामुळे महिनाअखेर हातात काय पडायचं, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

[पडद्यावर : काकांच्या घरच्या भिंतीवरची एक तसबीर. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

हा खापरपणजोबांचा चेहरा. घराण्यातला पहिला फोटो. तो कुणी हौसेनं काढलेला नाही. करार संपवून बेटावरच राहिलेल्या मजुरांनी फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगायचं, असा कायदा १८६७ मध्ये झाला. पोलिसांनी अडवलं आणि तिकीट नसलं, तर भटक्या म्हणून आत. जगात फोटो ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली चीज होती, त्या काळात मॉरिशसमध्ये हजारो मजुरांचे फोटो निघाले, ते त्यांना पकडता यावं म्हणून. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला. अदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्यानं त्यांची बाजू घेतली. पुढच्या वर्षी विलायतेहून चौकशी आयोग आला.

त्या काळच्या नोंदवह्या आणि फोटो आज मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेत. वहीत नाव असतं, बापाचं नाव असतं, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव. आडनाव नसतं. बेटावर मग त्या माणसाचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. ‘जी’ लावलेली ती आडनावं तिथं आजही आहेत. रघोजी, भिवाजी अशी. गावच्या तलाठ्याकडे जाऊन या आडनावानं काय शोधणार?

[पडद्यावर : भाऊचा धक्का. कोकण बोट. कठड्याला टेकलेली माणसं.]

तरी काका शोधायला गेले. मे १९७७. कोकण रेल्वे यायला अजून २० वर्षं होती, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून बोट. हे फोटो पाहा. बोचकी, कोंबड्या, फणस, उलटी होऊ नये म्हणून तोंडात लिंबू धरलेली पोरं. बोट किनाऱ्याला लागत नाही, ती खोल पाण्यात उभी राहते आणि होड्या येऊन माणसं उतरवून नेतात. हर्णैचा हा फोटो आमच्या सगळ्यांच्या आवडीचा आहे. एक म्हातारी बोटीतून होडीत उतरतेय, खालून चार हात वर आलेत, आणि फोटोत तिचा एकच पाय होडीला टेकलाय. खापरपणजोबा याच पाण्यावरून गलबतानं मुंबईला गेले असणार. चार हात तेव्हाही कुणी दिले असतील.

काकांनी तीन आठवडे पायी आणि एसटीनं घालवले. गाव सापडलं नाही.

एक मात्र सापडलं. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत त्यांनी जाखडी पाहिली. गोल रिंगण, मधे ढोलकी, पायांत चाळ. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत हीच जाखडी ‘झाकरी’ म्हणून नाचतात. काका कॅमेरा कुणाच्या तरी हातात देऊन रिंगणात शिरले. म्हणून या रोलमधले शेवटचे दोन फोटो हललेले आहेत, आणि त्यांपैकी एकात काका स्वतः आहेत. हे बघा, डावीकडून तिसरे.

[पडद्यावर : पहाटेचं धुकं. उसाचा फड. कोप्यांमधून, म्हणजे मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांमधून, निघणारा धूर.]

आणि आता हे फोटो. अकरा रोल. डब्यातले सर्वांत जास्त याच ठिकाणचे. जानेवारी १९७८, नगर जिल्हा, प्रवरेचा पट्टा. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास इथंच उभा राहिला, महाराष्ट्रातला अशा प्रकारचा पहिला. त्याचे धूर सोडणारे धुराडे आणि गेटवरचे शेतकरी काकांच्या एकाच फोटोत आहेत. तिथून ते फडाकडे वळले आणि पुढचे महिनाभर सुटीच्या दिवशी दुसरीकडे गेलेच नाहीत.

फडातलं काम त्यांनी पायरी पायरीनं टिपलंय. बुंध्याशी, अगदी जमिनीलगत कोयता. मग पाला सोलायचा. शेंडा, म्हणजे वाढं, वेगळं करायचं, ते बैलांना. दहा-पंधरा कांड्यांची मोळी. मोळी बांधायला दोरी नसते, वाढ्याचाच पीळ देऊन आळा करतात. मोळी डोक्यावर, गाडीपर्यंत चालत, गाडीवर रचायची. पहिल्या फोटोत अजून उजाडलेलं नाही. शेवटच्या फोटोत कंदील लावलेत आणि गाडी कारखान्याच्या रस्त्याला लागलीय.

पाथर्डीकडची, बीडकडची माणसं. दिवाळीनंतर घराला कुलूप घालून निघायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची हजेरी एक, हिशेब एक. बाई गरोदर असो की तान्ही कडेवर असो, कोयता मोडला, म्हणजे एकाचंही काम बुडालं, की दंड.

काकांनी इथं पाकिटांवर फारसं लिहिलेलं नाही. मुकादमाच्या फोटोखाली एकच शब्द आहे : ‘सरदार’. मॉरिशसच्या मळ्यावर टोळीच्या म्होरक्याला हेच म्हणत.

[पडद्यावर : शेताच्या बांधावर रचलेले काळे दगड. फ्रेम बदलते : मॉरिशस, उसाच्या मधोमध काळ्या दगडांचा ढीग.]

पहिला फोटो राहुरीकडचा, १९७८ मधला. दुसरा आम्ही मॉरिशसमध्ये घेतला, कॅसकाव्हेलच्या बाजूला. दोन्ही दगड बेसॉल्ट. दख्खनचं पठार आणि मॉरिशसचं बेट, दोन्ही ज्वालामुखीच्या रसातून झालेले. मजुरांनी हातानं दगड वेचून शेत मोकळं केलं आणि वेचलेले दगड उसाच्या मधे रचून ठेवले. त्यांचे मनोरे झाले. आता यंत्र फिरावं म्हणून तिथली शेतं साफ होतायत आणि मनोरे एकेक करून उचलले जातायत. जे उरलेत ते आम्ही जमेल तेवढे टिपले.

राहुरीच्या फोटोच्या पाकिटावर लिहिलंय : ‘मेम रोस.’ तोच दगड.

[पडद्यावर : काका, व्हरांड्यात, खुर्चीत. हातात पाकीट.]

दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षं चालला. त्या दरम्यान वडील गेले. तार पुण्यात पोचली तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. १९८० मध्ये काका परतले, शिक्षक झाले, संध्याकाळी बैठकेत मराठी शिकवू लागले. डबा कपाटावर गेला. मधे दोन ठिकाणी त्यांनी हे फोटो देऊ केले, एकदा तिकडे, एकदा इथं. कुणी ठेवून घेतले नाहीत. आता ३४ रोलची डिजिटल प्रत झाली आहे. मूळ पट्ट्या कोरड्या, थंड जागी ठेवायला हव्यात. ती जागा अजून मिळायची आहे.

[पडद्यावर : आजचा फड. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या.]

जानेवारीत आम्ही फोटोंच्या प्रती घेऊन त्याच पट्ट्यात गेलो. गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आलेत, पाचटाच्या कोपीवर प्लॅस्टिक आलंय. कोयता तोच. उचल तीच. नवरा-बायकोचा एक कोयता तसाच.

फोटो हातोहात फिरले. बायकांनी लुगडी पाहिली, नाकातल्या नथी पाहिल्या. ओळखीचा चेहरा कुणालाच सापडला नाही, आणि तशी आमची आशाही नव्हती.

[पडद्यावर : एक म्हातारे ऊसतोड कामगार. फोटो डोळ्यांजवळ धरलेला.]

या बाबांनी गाडीचा फोटो बराच वेळ धरून ठेवला. माणसं त्यांनी पाहिलीच नाहीत. बैल पाहिले. खिलार आहेत, म्हणाले. डावा बैल पायानं अधू आहे, त्याला उजवीकडे जुंपायला हवं होतं. मग फोटो ठेवू का म्हणून विचारलं, हो म्हटल्यावर तो बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात दाबला.

तेवढ्यात मुकादमानं हाक दिली. दुसरी ट्रॉली भरायची राहिली होती.