रिपोर्ट नॉर्मल, पण पोट दुखतंय

श्रोतेहो, नमस्कार.

'डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, तरी पोट दुखतंच आहे.' ठाण्यात दवाखाना चालवणाऱ्याला हे वाक्य काही नवीन नाही. सोनोग्राफी झालेली असते, एंडोस्कोपी झालेली असते, फाइल चांगली जाडजूड असते. सोबत आलेलं घरचं माणूस मग खुर्ची पुढे ओढून हळूच सांगतं, 'काही नाही हो, मनाचे खेळ आहेत सगळे.'

अशा वेळी मी पेशंटला बाजूला ठेवतो आणि त्या घरच्या माणसाला एक गोष्ट सांगतो. माझ्या कंपाउंडरला ती पाठ झाली आहे, पण तुम्ही ऐका.

गोष्ट १८२२ सालची. आपल्याकडे पेशवाई बुडून चार वर्षं झाली होती. तिकडे अमेरिकेत ह्युरॉन नावाचं सरोवर आहे. मासुंदा, उपवन, कचराळी मोजून आपण ठाणेकर तलावांचं शहर म्हणून मिरवतो. हे एकटं सरोवर अख्ख्या कोकणापेक्षा मोठं. त्यातल्या मॅकिनॅक बेटावर जनावरांच्या कातड्यांचा व्यापार चाले. ६ जूनला तिथल्या दुकानात कुणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि सगळा बार अगदी जवळून एका तरुणाच्या डाव्या कुशीत शिरला. अलेक्सिस सेंट मार्टिन त्याचं नाव. कॅनडाचा, होड्यांतून माल वाहणारा. बरगड्या मोडल्या, जठर फाटलं, सकाळची न्याहारी जखमेतून बाहेर आली. लष्कराचे डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आले. हा काही वाचत नाही, असंच त्यांना वाटलं.

पण तो वाचला. जखम भरत आली, मात्र जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटून गेली आणि तिथे एक भोक राहिलं. कायमचं. खाल्लेलं बाहेर येऊ नये म्हणून त्यावर पट्टी दाबून ठेवावी लागे. आणि पट्टी काढली, की आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसे!

बोमाँटसाहेबांनी त्याला घरीच ठेवून घेतलं. पडेल ते काम करायचं आणि साहेबांनी बोलावलं की जाऊन आडवं व्हायचं. १८२५ साली प्रयोग सुरू झाले. रेशमाच्या दोऱ्याला मांसाचा तुकडा, शिळा पाव, कच्चा कोबी असं काय काय बांधायचं, भोकातून आत सोडायचं आणि थोड्या वेळाने ओढून बघायचं, किती विरघळलं. अन्न पोटात दळलं जातं की कुजतं, यावर तोवर विद्वानांचे वाद चालत. जठरातला आम्ल रस ते विरघळवतो, हे इथे उघड दिसलं.

आता नीट ऐका, कारण मुद्दा पुढे आहे. अलेक्सिस चिडायचा. का नाही चिडणार? तुमच्या पोटात कुणी दोऱ्याने कोबी सोडला तर तुम्ही काय आरती कराल? तर तो चिडला, की बोमाँटना आत फरक दिसे. जठरात पित्त येई, पचन बिघडे. राग असो, भीती असो, आतलं अस्तर कधी लाल आणि कोरडं, तर कधी फिकट पडलेलं दिसे. हे सगळं त्यांनी १८३३ साली पुस्तकात छापलं. राग डोक्यातला, पण लाली पोटात. राग डोक्यातला, लाली पोटात!

माझी सहानुभूती मात्र पूर्ण अलेक्सिसला. तो मध्येच कॅनडाला निघून गेला, लग्न केलं, पुन्हा बायकोपोरांसह परत आला, पुन्हा दोरे, पुन्हा कोबी. शेवटी गेला तो आलाच नाही. डॉक्टर १८५३ साली वारले. पोटाला भोक असलेला हा माणूस १८८० पर्यंत जगला. तो गेल्यावर डॉक्टर लोकांनी देह पळवू नये म्हणून घरच्यांनी तो आधी मुद्दाम कुजू दिला आणि मग खोल पुरला. आमच्या व्यवसायाबद्दल त्या घराचं मत काय होतं, ते यातून कळतं.

पुढे १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये असाच एक पेशंट मिळाला. लहानपणी उकळतं सूप गिळल्याने अन्ननलिका भाजून बंद झालेली, म्हणून पोटाला भोक पाडलेलं. तो रागावला की जठर लालबुंद होई आणि आम्ल वाढे. घाबरला की जठर पांढरं पडे.

तेव्हा रिपोर्ट नॉर्मल असला तरी दुखणं खरं आहे. मेंदू आणि पोट यांच्यामध्ये व्हेगस नावाची मोठी नस आहे, शिवाय ताण आला की ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही हार्मोन्स रक्तात उतरतात. आतड्यांची चाल बदलते, तिथल्या नसा हळव्या होतात. सोनोग्राफीत हळवेपणा दिसत नाही. गाडी पकडायच्या आधी तीन वेळा संडासला जाणारा आणि रविवारी ठणठणीत असणारा माणूस तुमच्या घरात नसेल, तर शेजारी नक्की असेल. तो ढोंग करत नाही. दुखणं खरं आहे.

जाता जाता, सोसायटीची सभा रात्री साडेआठला ठेवायची प्रथा कुणी पाडली? उपाशीपोटी पार्किंगवरून भांडायचं आणि घरी येऊन तणतणत जेवायचं. दुसऱ्या दिवशी ॲसिडिटीच्या गोळीसाठी माझ्याकडे.

आणखी एक गोष्ट खटकते. आपल्या गावातलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, पण 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अजून थकलेला नाही. मी नुसतं 'मन' म्हटलं, की समोरचा दचकतो. म्हणतो, मला वेडा समजलात का? त्या विनोदाने किती जणांना उपचारांपासून लांब ठेवलं असेल!

पण उलटी चूकही नको. पोटातला अल्सर टेन्शनमुळेच होतो, असं आम्ही डॉक्टरच वर्षानुवर्षं सांगत होतो. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर बॅरी मार्शल यांना ते पटेना. अल्सरचं मूळ जंतूंत आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी १९८४ साली हेलिकोबॅक्टर नावाचे जंतू स्वतः पिऊन दाखवले, जठराला सूज आणून घेतली आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल घेतलं. तेव्हा शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, तर ताण म्हणून सोडून देऊ नका. आधी तपासणी. आणि बीपीची, साखरेची चालू गोळी 'आता मन शांत ठेवतो' म्हणून परस्पर बंद करू नका.

तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, तरी त्रास आहे, तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा, यात ताणाचा भाग किती? त्यांच्यासमोर बोलायला अवघड वाटत असेल, तर मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फोनवरची फुकट सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या, १४४१६. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा. रात्री-अपरात्रीही लागतो.

नमस्कार.